अपडेट फक्त शनिवारी

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीपासून थोडं पुढे एक छोटं कॉलेज होतं. तिथे मी पाच वर्षं संगणक शिकवला. रुजू झालो तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो आणि आपल्याला या विषयातलं सगळं कळतं, याबद्दल मला शंका नव्हती. तिथल्या प्रयोगशाळेत एक सहायक बाई होत्या. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणायला लागलो.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. मी वर्गात शिकवत होतो आणि अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या. नवीन मास्तर कसा शिकवतो ते बघायला आल्या असतील असं समजून मी जरा जोरातच शिकवलं. तास संपला, मुलं बाहेर पडली, तेव्हा त्या आत आल्या.

"आता बोलू का, सर?"

"बोला ना."

"तुमची मोटरसायकल स्टँडवरून पडलीय. पेट्रोल सांडतंय."

"कधी पडली?"

"पाऊण तास झाला असेल."

मी धावत खाली गेलो. टाकीत नावालाच पेट्रोल उरलं होतं. परत येऊन मी जरा चिडूनच म्हणालो, "अक्का, मधेच सांगायचं ना."

त्यांना माझं म्हणणं खरोखरच कळलं नाही. "तुम्ही शिकवत होते," त्या म्हणाल्या.

हे खूळ त्यांना टायपिंगच्या क्लासमधून लागलं होतं. धुळ्याला एका टायपिंगच्या क्लासात त्या पंधरा-सोळा वर्षं शिकवत होत्या. टाइप करणाऱ्याला मधे हाक मारली की बोट चुकतं, बोट चुकलं की ओळ जाते, आणि परीक्षेत एक ओळ गेली की पोराचं वर्ष जातं. त्यामुळे त्यांच्या क्लासात हाक मारायला बंदी होती. पुढे टायपिंग बंद पडलं. चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी संगणकाचा कोर्स केला, आपल्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांशेजारी बसून, आणि आमच्या कॉलेजात वर्षावर्षाच्या करारावर लागल्या. लग्न केलेलं नव्हतं. नरडाणा स्टेशनाजवळ दोन खोल्यांत एकट्या राहत. जेवणाऱ्याला हाक मारायची नाही, फोनवर असलेल्याला खूण करायची नाही, हिशेब करणाऱ्याच्या अंगावर सावली पडू द्यायची नाही, असले त्यांचे नियम होते. एरवी बोलायला खणखणीत. पण समोरच्याचं काम संपल्याशिवाय तोंड उघडणार नाहीत.

अशा बाईच्या ताब्यात तीस संगणक, आणि संगणक म्हणजे मधेच बोलणारी जात. मूल प्रोग्रॅम लिहीत असतं आणि पडद्याच्या कोपऱ्यात चौकट उगवते: नवीन अपडेट आलंय, आता करू की नंतर? अक्कांना त्या चौकटीचा मनापासून राग यायचा.

"याला रीत नाही, सर. पोरगं लिहितंय, आणि हे मधे विचारतंय. आणि 'नंतर' म्हणजे कधी? वेळ सांगावी माणसानं."

"अक्का, ते माणूस नाही."

"म्हणून तर आपणच सांगायची."

वेळ त्यांनी ठरवलेली होती. शनिवार, दुपारी अडीचनंतर. आठवडाभर सगळ्या यंत्रांची अपडेट थांबवून ठेवायची. शनिवारी तास संपले, मुलं गेली, की अक्का प्रयोगशाळा झाडून घेत, चप्पल बाहेर काढत आणि एकेक यंत्र मोकळं सोडत. डावीकडून सुरुवात करायची, एका वेळी पाचच, नाहीतर इंटरनेटचा जीव जातो. मग मधोमध स्टूल टाकून, मांडीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत बसायचं. संध्याकाळपर्यंत हे चाले. प्रत्येक यंत्र बंद होऊन पुन्हा नीट उघडलं का, प्रिंटर ओळखतंय का, मराठी अक्षरं जागेवर आहेत का, सगळं तपासायच्या. मग पुढच्या शनिवारपर्यंत पुन्हा थांबवून ठेवायच्या. जे यंत्र अडखळेल त्याला समजावल्यासारखं त्या अहिराणीत बोलत. "व्हई, व्हई. घाई नको करू."

मुलं हसायची. मीही हसायचो, फक्त स्टाफरूममध्ये.

शनिवारी त्यांच्याजवळ एकच मुलगी बसायची, रोशनी. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका खेड्यातली. वडील शिरपूरला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. ती होस्टेलवर राहायची, आणि शनिवारी संध्याकाळी होस्टेलची मेस बंद असायची. अक्का तिच्यासाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा आणत. ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर फिरत मोठ्याने आकडे वाचायची. "अक्का, सात नंबर बासष्ट. अकरा नंबर नव्वद." अक्का डाळीतून डोकं वर न काढता हुंकार भरत. वर्गात ही मुलगी शब्द बोलायची नाही. पण तिचा प्रोग्रॅम मी नेहमी दोनदा वाचायचो. माझ्या पाच वर्षांत तिच्याइतकं स्वच्छ डोकं मला दुसरं भेटलं नाही.

आता माझ्या करणीकडे येतो.

दुसऱ्या वर्षी मला शनिवारी दुपारी प्रयोगशाळा हवी होती. एक शोधनिबंध लिहायचा होता, घरी इंटरनेट धड नव्हतं. अक्का म्हणाल्या, शनिवार सोडून कधीही बसा. मी प्राचार्यांकडे गेलो. म्हणालो, जे काम संगणक स्वतःहून करतो त्यासाठी आपण आठवड्याचा अर्धा दिवस प्रयोगशाळा बंद ठेवतो, बाहेर कोणाला कळलं तर हसतील. प्राचार्यांना हसण्याची फार भीती. ते म्हणाले, "मग तुम्हीच करून टाका ना ते ऑटोमॅटिक." एवढंच, तोंडी.

मी एका तासात तीसही यंत्रांवर वेळ लावून टाकली. रोज संध्याकाळी पाच. पंधरा मिनिटं आधी पडद्यावर सूचना येईल, आणि पाच वाजता जे अपडेट आलेलं असेल ते बसवून यंत्र आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल. अक्का स्टुलाशेजारी उभ्या होत्या. माझं संपेपर्यंत थांबल्या.

"आता बोलू का? रोज पाच?"

"रोज. शेवटचा तास साडेचारला संपतो. पाचला कोण असतं?"

"कोणी असलं तर?"

"नसतं, अक्का."

"मग हे लिहून द्या सर. आतापर्यंत कागदावर हे काम माझ्या नावावर आहे."

"देतो," मी म्हणालो. दिलं नाही. विसरलो असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला सांगत असे. खरं म्हणजे त्यांनी लेखी मागितलं याचाच मला राग आला होता.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. मी शनिवारी निबंध लिहायचो. अक्कांना शनिवारी दुपारी काय करावं ते सुचायचं नाही. त्या व्हरांड्यात डाळ निवडत बसायच्या आणि रोशनी तिथेच भाकरी खायची.

मग एक कंपनी निवडचाचणी घ्यायला आली. आमच्यासारख्या कॉलेजात असं पहिल्यांदाच होत होतं. दीड तासाची परीक्षा, संगणकावर, आणि निवड झाली तर नाशिकला प्रशिक्षण आणि पुढे नोकरी. परीक्षा दुपारी दोनला सुरू व्हायची होती. त्या दिवशी दीड वाजता वीज गेली. जनरेटरवर पंखे चालले, प्रयोगशाळा चालेना. वीज आली पावणेचारला. कंपनीच्या साहेबांना रात्रीची गाडी धरायची होती, त्यामुळे सगळी धावपळ. मुलं जागेवर बसली, आणि मी दारापाशी साहेबांना आमच्या यंत्रांवर परीक्षा कशी सुरू करायची ते समजावत होतो. हातवारे करून, थोडं इंग्रजी घालून. त्यांनी माझं शिक्षण विचारलं, मी ते सांगितलं, निबंधाचाही विषय काढला.

अक्का तीन पावलांवर येऊन उभ्या राहिल्या.

मी त्यांना पाहिलं. चपलांबद्दल काहीतरी असेल असं मला वाटलं, कारण साहेब बूट घालून आत आले होते. हेही माहीत होतं की मी बोलत राहिलो तर त्या बोलणार नाहीत. म्हणून मी बोलत राहिलो. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील. तेवढ्यात शिपाई आला, पाहुण्यांच्या चहाचं बघायला प्राचार्यांनी अक्कांना बोलावलं होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि त्या गेल्या. चारला परीक्षा सुरू झाली. पाचची वेळ माझ्या ध्यानातही नव्हती.

पावणेपाचला सूचना आली असणार. पण पडद्यावर परीक्षा होती, मुलं घाबरलेली होती, आणि मधे कशालाही हात लावू नका अशी ताकीद त्यांना मीच दिलेली होती. ज्यांना चौकट दिसली त्यांनी ती परीक्षेचाच भाग समजून बाजूला केली. पाच वाजले आणि एकेक पडदा निळा होत गेला. तीसपैकी अकरा यंत्रांवर त्या दिवशी नवीन अपडेट आलेलं होतं, ती अकरा गेली. कोणी ओरडलं नाही. मुलं फक्त हात मांडीवर ठेवून बसली. रोशनी सात नंबरवर होती. तिची उत्तरं सगळी लिहून झाली होती, ती पुन्हा एकदा तपासत होती. तपासून झाल्यावरच शेवटचं बटण दाबायचं, हे तिला मी शिकवलं होतं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा परीक्षा घेणं त्यांच्या हातात नव्हतं. ज्यांची उत्तरं पोचली त्यांच्यातून दोघांची निवड झाली. अकरांपैकी दहा जणांची निवड तशीही झाली नसती, असं आम्ही स्टाफरूममध्ये एकमेकांना सांगत राहिलो. अकराव्या नावाबद्दल कोणी काही बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता प्राचार्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. समोर कामाच्या वाटपाचा कागद होता. त्यात संगणकांची देखभाल आणि अपडेट यापुढे अक्कांचं नाव होतं. प्राचार्यांनी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, "मग हे झालं कसं?"

त्यांना माहीत होतं. तोंडी का होईना, सांगितलं त्यांनीच होतं. पण ते कागदाकडे बघत होते. मीही कागदाकडेच बघत होतो. नोकरीत कायम झाल्याची माझी ऑर्डर त्याच महिन्यात निघायची होती. अक्का माझ्याकडे बघत होत्या. रागाने नाही. माझी बोलायची पाळी आहे, ती झाल्यावर आपण बोलायचं, अशा नजरेने. पंख्याचा आवाज येत होता. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, पण बोलायला पुष्कळ वेळ होता.

मग त्या म्हणाल्या, "मशिनी माझ्या ताब्यात आहेत, सर. माझ्याकडून राहिलं."

प्राचार्यांनी लगेच कागद घडी करून ठेवला.

त्यांना कोणी काढलं नाही. फक्त जूनमध्ये नव्या कराराचा कागद आला नाही. चाव्या द्यायला त्या आल्या त्या दिवशी मी जळगावला घरी गेलो होतो. माझ्या टेबलावर त्या एक यादी ठेवून गेल्या होत्या, कुठल्या यंत्राची काय खोड आहे त्याची, तीसही यंत्रांची. एकोणतीस नंबरपुढे लिहिलं होतं, "उशिरा उठते, पण उठते." मी ती यादी खणात ठेवली आणि त्याच आठवड्यात पाचची वेळ काढून टाकून सगळी अपडेट शनिवारवर नेली. उरलेली वर्षं शनिवारी दुपारी मी स्वतः तिथे बसत होतो. का, ते मला कोणी विचारलं नाही.

रोशनी पास झाली, चांगल्या गुणांनी. मग तिचं काही कळलं नाही. ती शिरपूरला एका दवाखान्यात काउंटरवर रुग्णांची नोंदणी करते, हे मला पुढे तिच्याच एका वर्गमित्राने सांगितलं. त्या दिवशी निवड झालेल्या दोघांपैकी एक परदेशात आहे, हेही त्यानेच सांगितलं.

मी आता जळगावला असतो. गेल्या हिवाळ्यात जुन्या कॉलेजचा शिपाई बाजारात भेटला. त्याच्याकडून कळलं की अक्का बोदवडला धाकट्या बहिणीकडे असतात. दोन रविवार मी टाळले. तिसऱ्या रविवारी पॅसेंजरने गेलो.

दार बहिणीने उघडलं. मी कोण ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "मांगे शे ती. जा तुम्ही. पण तुमले बोलू देई का नही, माले माहीत नही. आते कोनलेच बोलू देत नही ती."

आता कोणालाच बोलू देत नाही म्हणजे काय, ते मला कळलं नाही. मागच्या अंगणात अक्का बाजेशेजारी विळीवर वांगी चिरत बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. मला बघून त्या उठल्या, बसा म्हणाल्या.

"अक्का, मी एका कामासाठी..."

"जळगावहून आले? गाडीला गर्दी होती?"

"नव्हती. अक्का, त्या वेळी..."

"लग्न झालं का तुमचं?"

असं चार वेळा झालं. मी तोंड उघडलं की त्या बोलायच्या. मग बहीण चहा घेऊन आल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "नोकरी सोडी तवयपशी आशीच करस." नोकरी सुटल्यापासून असं चाललंय, हे अक्कांनीही ऐकलं. विळी बाजूला ठेवली.

"सर, तुम्ही कशाला आले ते मला समजलं," त्या म्हणाल्या. "पाचची वेळ तुम्ही लावली, ती चूक तुमची. पण त्या दिवशी वीज आली तेव्हाच मला आठवलं, आज पाचला पोरं आत असतील. मी सांगायलाच आले होते. तुम्ही साहेबांशी बोलत होते. मी उभी राहिले. चहाचं बघून परत आले तोवर पोरं लिहायला लागली होती. एक हाक मारली असती तर त्या पोरीचं काम झालं असतं. केबिनमध्ये मी तुमचं झाकलं नाही. मला तेच वाटत होतं, की माझ्याकडून राहिलं. जन्मभर गप्प उभं राहायची सवय लावून घेतली, तिचं काय झालं बघा."

इतकी वर्षं माझी अशी समजूत होती की त्यांनी माझ्यावर उपकार केला. तो उपकार नव्हता. त्यांनी दोष खरोखरच स्वतःचा म्हणून उचलला होता, आणि त्याच्यापायी आपली आयुष्यभराची रीत मोडून टाकली होती.

मी म्हणालो, "अक्का, मी तुम्हाला पाहिलं होतं."

या वेळी त्या मधे बोलल्या नाहीत.

"तुम्ही दारात उभ्या होता, ते मला दिसत होतं. तुम्ही बोलणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी मुद्दाम बोलत राहिलो. निबंधाबद्दल सांगत होतो मी त्यांना. परीक्षेचं बोलणं केव्हाच संपलं होतं."

अक्कांनी चिरलेल्या फोडी पाण्यात सोडल्या. मग म्हणाल्या, "हे मला माहीत नव्हतं."

मी थांबलो. मला वाटलं, काहीतरी म्हणतील. रागावतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. दोन्हींपैकी काहीच झालं नाही. त्यांनी विळी पुन्हा ओढून घेतली.

"रोशनीला सांगितलं?"

"नाही."

"तिला सांगा. आज."

जेवून जा असं बहीण म्हणाल्या. अक्का वांगी चिरत राहिल्या. मी निघालो.

परतीच्या गाडीला तास होता. स्टेशनवर बाकावर बसून मी रोशनीच्या वर्गमित्राकडून नंबर घेतला आणि फोन लावला. तिने आवाज ओळखला, "बोला ना सर" म्हणाली. मी सगळं सांगितलं. पाचची वेळ कोणी लावली, कागद कोणी दिला नाही, दारात कोण उभं होतं आणि मी काय करत होतो, ते सगळं. ती ऐकत होती. माझं संपल्यावरच बोलली.

"सर, अक्का आमच्या घरी आल्या होत्या," ती म्हणाली. "परीक्षेनंतर दोन-तीन दिवसांनी. एसटीने आल्या, पुढे चालत. वडिलांना म्हणाल्या, तुमच्या पोरीचं माझ्यामुळे गेलं, तिला बोल लावू नका. मी आत होते. मी बाहेर आले नाही. पाणीसुद्धा आईने दिलं त्यांना."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नंतर त्यांचे फोन यायचे. दर शनिवारी यायचा. मी एकदाही उचलला नाही. वर्षभर केला असेल त्यांनी, मग बंद केला."

"रोशनी, तुझी यात काही..."

"अक्का कुठे आहेत सर आता?"

मी पत्ता सांगितला. तिने तो लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला, बोदवडला उतरल्यावर कुठल्या बाजूने जायचं ते विचारलं. बहिणीकडून घेतलेला अक्कांचा नंबरही मी दिला. आवाज हळू आणि नम्र होता. सुट्टी मिळाली की येत्या रविवारीच जाते, म्हणाली. "ठेवू का सर?" तिने विचारलं, आणि मी हो म्हणायच्या आत ठेवला.

मला अजून माफी मागायची राहिली होती. मी पुन्हा फोन लावला. पुष्कळ वेळ वाजला. तिने तो उचलला नाही.